डॅशबोर्डमागचा बीम : काकांच्या गाडीच्या नोंदी, जानेवारी ते मार्च २०२५

१२ जानेवारी, रविवार

चिपळूणहून काकांची गाडी रत्नागिरीत आणली. २०१४ ची चार सिलिंडर पेट्रोल हॅचबॅक, पुढे दोन एअरबॅग. काकांचे गुडघे आता क्लच दाबू देत नाहीत म्हणून त्यांनी गाडी मला देऊन टाकली, पैशाचं नाव काढू दिलं नाही, म्हणाले नीट कर आणि शिमग्याला आम्हाला गावी पालखीला घेऊन चल, एवढंच दे मला.

तक्रार एकच आहे. एसी लावून गाडी उभी केली की स्टेअरिंग हातात थरथरतं. एसी बंद केला की बरंच कमी होतं, गाडी चालायला लागली की काहीच नाही. तीन वर्षं काकांनी हे सोसलं. एका गॅरेजने इंजिनची माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ते रबरी आधार, बदलली, दुसऱ्याने प्लग बदलून थ्रॉटल बॉडी साफ केली, तिसऱ्याने व्हील बॅलन्सिंग केलं, पण थरथर उभ्या गाडीत आहे, चाकं फिरतच नाहीत तेव्हा, मग बॅलन्सिंगचा संबंध येतोच कुठे. पैसे गेले, थरथर तशीच.

एक गोष्ट लिहून ठेवतो. २२ जुलै २०२१ च्या पुरात ही गाडी काकांच्या बिल्डिंगखाली उभी होती. वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी, गाडीत डॅशच्या वरपर्यंत. इन्शुरन्समधून वायरिंग, एअरबॅगचं कंट्रोल युनिट, सीटं, कार्पेट सगळं बदलून मिळालं. थरथर त्यानंतर सहा-सात महिन्यांनी सुरू झाली असं काकू ठामपणे सांगते. काकूच्या सांगण्यावर माझा जास्त भरवसा आहे, ती शेजारच्या सीटवर बसते आणि तिला सगळं ऐकू येतं.

१५ जानेवारी

इंजिन तपासलं, ठीक आहे. माउंटिंग नवीनच आहेत. तर मग आकडे काढायला बसलो.

चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्यात दोन स्फोट होतात. आयडल, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन फिरतं तो वेग, ७५० आरपीएम (मिनिटाला फेरे) म्हणजे मिनिटाला १५०० धक्के, सेकंदाला २५. एसी लावला की कॉम्प्युटर आयडल ८५० वर नेतो, म्हणजे सेकंदाला २८.३. आता स्टेअरिंग, त्याचा दांडा म्हणजे कॉलम आणि ते ज्याला धरून आहेत तो डॅशमागचा आडवा पाइप म्हणजे बीम, हे सगळं मिळून एक टांगलेलं वजन आहे, त्याची स्वतःची एक हलण्याची गती असते, घंटेवर टोला मारला की ती तिच्याच सुरात वाजते तशी. तो सूर इंजिनच्या धक्क्यांपासून लांब असला तर हाताला काही कळत नाही, जवळ आला की स्टेअरिंग नाचायला लागतं. गाडी डिझाइन करणारे म्हणूनच हा सूर आयडलच्या बराच वर ठेवतात, पस्तीसच्या आसपास किंवा त्याच्याही पुढे.

फोनमध्ये फायफॉक्स नावाचं फुकट ॲप आहे, जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाने बनवलेलं, त्यात फोनचा सेन्सर वापरून कंपनं मोजता येतात. फोन स्टेअरिंगच्या वरच्या कडेला टेपने घट्ट बांधला, इंजिन बंद, रबरी हातोडीने खालून हलका टोला. दहा वेळा केलं. आलेखाचं टोक दरवेळी २९ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला २९ कंपनं.

एसीवर धक्के २८.३, स्टेअरिंगचा सूर २९. अंगावर काटा आला, खरंच.

१६ जानेवारी

ऑफिसमधल्या एका मित्राकडे हेच मॉडेल आहे, २०१५ चं, कधी पाण्यात न गेलेलं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्याच्या गाडीवर तेच टोले मारले. ३६.५ हर्ट्झ. म्हणजे काकांच्या गाडीत काहीतरी ढिलं पडलंय, कंपनीने असं दिलेलं नाही.

१९ जानेवारी, रविवार

खात्री करायला एक प्रयोग. बाबांच्या दुकानातली अर्ध्या किलोची दोन वजनं स्टेअरिंगच्या खालच्या भागाला कापडात गुंडाळून बांधली. वजन वाढलं की सूर उतरायला पाहिजे. उतरला, २६.५ वर आला. आणि मग गाडी चालू केली तर एसी बंद असताना थरथर जास्त आणि एसी लावल्यावर कमी! उलटंच झालं सगळं. आता शंका नाही. इंजिन निर्दोष आहे, दोष डॅशच्या मागे आहे.

बाबा म्हणाले मग वजनं तशीच राहू दे की, एसी लावल्यावर थरथर कमी होतेय ना. त्यांचं बोलणं अगदीच चूक नाही, बऱ्याच गाड्यांच्या स्टेअरिंगमध्ये रबरावर बसवलेलं छोटं वजन कंपनीच टाकते याच कामासाठी. पण इथे मूळ आधारच कमी झालाय. तो आधार फक्त थरथर थांबवायला नसतो, त्याबद्दल पुढे लिहीन.

२५ आणि २६ जानेवारी

दोन दिवस लागले डॅश उतरवायला. बॅटरीचा निगेटिव्ह काढला आणि दहा मिनिटं काहीही न करता बसून राहिलो, एअरबॅगच्या युनिटमधल्या कपॅसिटरमध्ये चार्ज शिल्लक असतो तो उतरू द्यावा लागतो. हे कुणी घाईत टाळू नये. स्टेअरिंगमधली एअरबॅग काढून आतल्या खोलीत ठेवली, तोंड वर करून. उपडी ठेवायची नाही, चुकून फुटली तर ती सगळ्यासकट वर उडते.

वायरिंगच्या प्रत्येक कपलरचा, म्हणजे जोडाचा, फोटो, प्रत्येक जागच्या स्क्रूंची वेगळी पिशवी, पिशवीवर मार्करने जागा. कॉलमच्या जोडावर पंचने खूण. मिस्त्री आमच्या आळीतलेच, पस्तीस वर्षं डेंटिंगचं काम केलेले, ते म्हणाले दादा फोटो काढताय ते बरं करताय, मी डोक्यात ठेवायचो, आता राहत नाही.

प्लास्टिकचा डॅश बाहेर आला आणि बीम पहिल्यांदा नीट दिसला. कार्पेट बदललेलं, वायरिंग नवं कोरं, आणि त्या सगळ्याच्या मागे हा पाइप साडेतीन वर्षं तसाच. पुरानंतर डॅश पूर्ण उतरवलाच नव्हता कुणी. वायरिंग खालून खेचून घातलेलं दिसतंय. ते काम करणाऱ्यांचा मला राग आला, कारण बिलात डॅश काढणे-बसवणे लावलेलं आहे.

रचना लिहितो, कारण मलाही आधी नीट माहीत नव्हती. एका ए पिलरपासून, म्हणजे पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबापासून, दुसऱ्या ए पिलरपर्यंत आडवा स्टीलचा पाइप. ड्रायव्हरच्या बाजूला जाड, डावीकडे बारीक, दोन पाइप एकात एक घालून वेल्ड केलेले, कारण खरा भार ड्रायव्हरकडे आहे. स्टेअरिंग कॉलम धरणारा मोठा ब्रॅकेट. तिथून पुढे फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीच्या, वरच्या पत्र्याला एक आडवा टेकू. मधोमध दोन पाय खाली उतरून बोगद्याला, म्हणजे गिअरजवळच्या फुगीर पत्र्याला बोल्ट केलेले. बाकी मग ब्लोअरचा डबा, पॅसेंजरची एअरबॅग, ग्लोव्ह बॉक्स, फ्यूज बॉक्स, सगळ्यांचे छोटे छोटे ब्रॅकेट. डॅशबोर्ड म्हणून आपण जे बघतो ते याच्यावर अडकवलेलं असतं. घराचं छप्पर कौलांचं दिसतं पण बसलेलं असतं वाशांवर आणि आढ्यावर, तसंच.

डाव्या पायाला हात लावला तर पाय हलला. तळाशी बोल्ट जागेवर, पण बोल्टभोवतीचा पत्रा गंजून त्याची चाळण झालेली. टॉर्च मारली तेव्हा फायरवॉलच्या टेकूच्या वेल्डलाही भेग दिसली. पाय सुटला, मग टेकूवर भार आला, मग टेकू फाटला, असं झालं असणार.

२ फेब्रुवारी, रविवार

बीम बाहेर. ब्लोअरचा डबा न काढता बीम काढायचा होता, डबा काढला तर एसीचा गॅस सोडावा लागतो. डब्याखाली गोणपाट घालून जांभ्याचा अर्धा चिरा ठेवला, वर फळी, आणि काथ्याच्या दोरीने वायपरच्या बाजूच्या पत्र्याला बांधून ठेवला. पाइपांवर ताण आला नाही.

उजव्या पिलरचा बोल्ट दोन तास अडला. कारण असं की बोल्टभोवती एक बुश (धातूची छोटी नळी) असतो, तो उलट्या आट्यांचा. प्रत्येक गाडीच्या पत्र्यात दोन-चार मिलिमीटरचा फरक असतोच, पिलर आणि बीम यांच्यात फट राहते, ती फट भरायला हा बुश बोल्ट फिरवताना आपोआप बाहेर येतो आणि पिलरला टेकतो. म्हणजे बीम पिलरला खेचला जात नाही, फट भरून मग आवळला जातो. काढताना बोल्ट आणि बुश गंजाने एकमेकांत अडकले होते, त्यामुळे बोल्ट फिरवला की बुशही फिरत होता. मिस्त्रींनी बुश पकडीने धरला, मी डब्ल्यूडी फॉर्टी मारून अर्धा तास थांबलो, मग टकटक करत हळूहळू सुटला. जोर लावला असता तर पिलरच्या आतला नट तुटला असता आणि पिलर कापायची वेळ आली असती.

आणि मग बीम बाहेर काढून तिरका धरला तेव्हा पाइपातून माती पडली. कोरडी, पिठासारखी मऊ, लालसर करडी. ओंजळभर तरी असेल. पाइपाच्या छोट्या भोकांतून पुराचं पाणी आत गेलं, पाणी सुकलं, गाळ राहिला. पावसाळ्यात आमच्याकडची हवा ओली, गाळ ती ओल धरून ठेवणार, आणि पाइप आतून खात राहणार. बाहेरून रंग शाबूत होता!

माती एका बरणीत भरून ठेवली. काकांना व्हिडिओ कॉलवर दाखवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, अरे त्या दिवशी मी गच्चीवरून गाडीचं टप बुडताना बघितलं होतं.

४ फेब्रुवारी

वेल्डिंग करायचं की बीम बदलायचा यावर मिस्त्रींशी तासभर बोलणं झालं. ते म्हणतात दोन मिलिमीटरच्या पत्र्याचा नवा पाय कापतो, सीओटू वेल्डिंग मारतो, टेकूची भेग भरतो, दोन तासांचं काम. त्यांचा हात चांगला आहे यात वाद नाही आणि थरथर त्याने नक्की गेली असती.

पण माझं म्हणणं वेगळं होतं. हा बीम समोरून धडक बसली की काय करतो बघा. जुन्या काळी स्टेअरिंगचा दांडा अखंड असायचा, धडकेत पुढचा भाग मागे सरकला की दांडा भाल्यासारखा ड्रायव्हरच्या छातीत यायचा. जनरल मोटर्सने १९६७ च्या मॉडेलांपासून दाबला जाणारा कॉलम दिला, आणि मग अमेरिकेत नियमच झाला की ताशी ४८ किलोमीटरने भिंतीवर गाडी आपटली तर स्टेअरिंग १२७ मिलिमीटरपेक्षा जास्त मागे येता कामा नये. कॉलम दाबला जातो, त्याच्या ब्रॅकेटमधल्या प्लास्टिकच्या पिना ठरलेल्या जोराला तुटतात आणि कॉलम घसरतो. हे सगळं कधी चालेल, तर कॉलम ज्याला धरलेला आहे तो बीम जागेवर राहिला तर. बीमच वळला तर कॉलम वर किंवा बाजूला तोंड करणार, छाती एअरबॅगच्या मध्यावर येणारच नाही. एअरबॅग फुगायला सेकंदाचा तिसावा भाग वगैरे लागतो, आणि पॅसेंजरची एअरबॅग तर थेट याच पाइपावर बोल्ट केलेली आहे, तिचा मागचा धक्का हाच पाइप घेतो.

आपल्याकडे ताशी ५६ किलोमीटरची ऑफसेट धडक चाचणी, म्हणजे गाडीच्या पुढच्या बाजूचा एक भागच आपटतो ती, १ ऑक्टोबर २०१७ पासून नव्या मॉडेलांना आणि १ ऑक्टोबर २०१९ पासून आधीपासून चालू असलेल्या मॉडेलांना लागू झाली. काकांची गाडी २०१४ ची. त्या वेळी हा नियम नव्हता, म्हणजे तिच्यात जे काही आहे ते तरी पूर्ण असायला हवं, त्यातून मी काही कमी करणार नाही.

आतून पाइप किती खाल्ला गेलाय ते दिसत नाही. जे दिसत नाही त्यावर वेल्ड मारून काकूला शेजारी बसवायचं हे माझ्याने होणार नाही, असं मिस्त्रींना सांगितलं. ते जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, बरोबर आहे, पाय मी बनवीन, पण पाइपाची गॅरंटी मी पण देणार नाही.

बीम बदलायचा ठरला.

८ फेब्रुवारी, शनिवार

पहाटेच्या एसटीने कोल्हापूर. पाली, नाणीज, साखरपा, आंबा घाट, वरती धुकं एवढं की ड्रायव्हरने लाइट लावून गाडी काढली.

भंगारवाल्यांकडे या मॉडेलचे तीन बीम होते. पहिला सरळ दिसत होता पण कॉलम ब्रॅकेटची भोकं ओढली गेलेली, म्हणजे समोरून धडकलेली गाडी, तो नको. दुसऱ्याचे ब्रॅकेट कापलेले. तिसरा मागून ठोकलेल्या गाडीचा, ती गाडी तिथेच उभी होती म्हणून बघता आलं, बॉनेट आणि दोन्ही एअरबॅग शाबूत. पाइपावर दोरा ताणून बघितला, कुठे पोट नाही. दोन्ही टोकांपासून कॉलमच्या भोकांपर्यंतची मापं जुन्या बीमशी जुळवली, एक मिलिमीटरच्या आत. आत टॉर्च मारली, कोरडा आणि स्वच्छ, देशावरची गाडी. घेतला.

तिथे एका महागड्या परदेशी गाडीचा बीम पडला होता, मालक म्हणाला उचलून बघा. एका हाताने उचलला! मॅग्नेशियमचा, साच्यात ओतलेला, सगळे ब्रॅकेट एकसंध, कुठे वेल्ड नाही. मॅग्नेशियमची घनता १.७४, ॲल्युमिनियमची २.७, स्टीलची ७.८५, तेव्हा वजनाचा फरक कळतोच. फार सुंदर वस्तू आहे ती, फासळ्यांची जाळी बघत राहावी अशी. पण मॅग्नेशियमला स्टीलचा बोल्ट लागला आणि मध्ये खारट ओल आली की मॅग्नेशियम झपाट्याने खाल्लं जातं, म्हणून त्या बोल्टांखाली ॲल्युमिनियमचे वॉशर किंवा खास कोटिंग देतात. केबिन कोरडी राहिली तर काही प्रश्न नाही. आमच्यासारखी पुरात उभी राहिलेली गाडी असेल तर मला स्टीलच बरं वाटतं, गंजतं पण हळूहळू गंजतं आणि गंजताना दिसतं तरी.

परतीला बीम एसटीत मागच्या सीटखाली आडवा. कंडक्टरने लगेज तिकीट फाडलं आणि विचारलं काय आहे हे, मग घाट संपेपर्यंत त्यांना सगळं समजावून सांगितलं.

१३ फेब्रुवारी

बोगद्याचा पत्रा, जिथे डावा पाय बसतो, तिथेही तळहाताएवढी जागा गंजलेली निघाली. ती मात्र मिस्त्रींना कापून नवा पत्रा वेल्ड करायला दिली. तो पत्रा वरून खालून दोन्हीकडून दिसतो, जाडी मोजता येते, चांगल्या पत्र्यापर्यंत कापता येतं. पाइपाचं तसं नव्हतं. नट नवा वेल्ड केला, खालून अंडरबॉडी कोट.

१६ फेब्रुवारी, रविवार

बीमला रंग. सकाळी दव असतं, मिऱ्याकडून येणारी हवा खारट, पत्र्यावर हात फिरवला तरी चिकट लागतं. म्हणून आधी गोड्या पाण्याने धुतला, गरम हवेने वाळवला, अकरा वाजता ऊन चढल्यावर एपॉक्सी प्रायमर, दुपारी काळा रंग. अर्थिंगच्या जागा आणि बोल्ट बसायच्या जागा टेप लावून कोऱ्या ठेवल्या. पाइपात नळी घालून कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे गंज रोखणारं मेण, मारलं, तळाचं भोक मोकळं ठेवलं, पाणी कधी गेलंच तर बाहेर यायला वाट पाहिजे.

बाबांनी विचारलं काजूच्या टरफलांचं तेल का नाही लावत, होड्यांना लावायचे. लाकडाला ते तेल फार चांगलं. पण कातडीला भाजतं आणि बंद केबिनमध्ये वास बसेल, म्हणून नको म्हटलं. आमच्या कलमांना मोहोर चांगला आलाय, रंगावर मोहोराचा कचरा पडू नये म्हणून बीम झाडापासून लांब पडवीत नेऊन टांगला.

२३ फेब्रुवारी, रविवार

बीम चढवला. क्रम असा ठेवला: सगळे बोल्ट हाताने चार आटे, आधी कॉलमच्या बाजूचा फायरवॉलचा टेकू, मग मधले पाय, शेवटी पिलर. उलट्या आट्यांचा बुश साफ करून हाताने फिरवून बघितला, पिलरला टेकल्याचं हाताला कळतं. मग मॅन्युअलमधल्या टॉर्कने, म्हणजे आवळायच्या ठरलेल्या जोराने, सगळे. पिलर आधी आवळले तर मधले पाय जबरदस्तीने खेचून बसवावे लागतात आणि मग ताण कायमचा राहतो, असं मिस्त्रींचं म्हणणं, आणि मला ते पटलं.

कॉलम लावून स्टेअरिंग बसवलं, डॅश न लावता फक्त फोन बांधून टोला. ३७.५. डॅश चढल्यावर वजन वाढून थोडा उतरेल.

१ मार्च

डॅश बसला. एअरबॅगचा दिवा जात नव्हता, पोटात गोळा आला. ग्लोव्ह बॉक्सच्या मागचा पिवळा कपलर लॉकपर्यंत गेला नव्हता. बॅटरी काढून, परत दहा मिनिटं थांबून, कपलर टक असा बसवला. दिवा लागतो आणि जातो, जसा जायला पाहिजे तसा.

२ मार्च, रविवार

शेवटचं मोजमाप, सगळं बसवून. ३६ हर्ट्झ. मित्राच्या गाडीत ३६.५. आधी २९ होता, वजन तेच, म्हणजे कडकपणा ३६ भागिले २९ चा वर्ग, दीडपटीहून थोडा जास्त. दीड पट! एका पायाचा पत्रा आणि एक वेल्ड गेल्याने एवढं गेलं होतं.

एसी लावला, ब्लोअर चारवर, हेडलाइट चालू. बाबांना बसवलं. त्यांनी दोन बोटं स्टेअरिंगवर ठेवली आणि विचारलं, चालू आहे ना?

१५ मार्च, शनिवार

धुळवडीनंतरचा दिवस. आदल्या रात्री काका-काकू चिपळूणहून एसटीने आले, सकाळी हातखंब्याला हायवेला लागून संगमेश्वरकडे, तिथून आत गावाला. काका पुढे, काकू मागे आईबरोबर. निवळीजवळ रस्त्याचं काम चालू होतं, वीस मिनिटं एका जागी उभे, एसी चालू. काका काही बोलले नाहीत, नुसता हात लांब करून स्टेअरिंगला लावला आणि तिथेच ठेवला. मागून काकू म्हणाली, आवाज पण गेला गो तो, टकटक.

पालखी आमच्या अंगणात संध्याकाळी आली. मातीची बरणी काकांनी मागून घेतली होती, ती त्यांनी गावच्या माडाच्या आळ्यात रिकामी केली.

राहिलेलं काम: ग्लोव्ह बॉक्सची एक क्लिप. हजार किलोमीटरला पायांचे बोल्ट परत टॉर्कला बघायचे. मे अखेर, पाऊस लागायच्या आधी, वायपरखालची पाण्याची भोकं साफ करून डाव्या बाजूचं कार्पेट उचलून हात फिरवायचा, ओल आहे का ते.